वाऱ्याला वाट हवी

माझी मावशी जयपूरला राहते. काका नोकरीसाठी पुण्याहून तिकडे गेले आणि निवृत्तीनंतर तिथलेच होऊन राहिले. घर बांधून झाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे फाटकापासून व्हरांड्यापर्यंत मोरपंखीची आठ झाडे एका ओळीत लावली. नर्सरीत ज्याला थूजा म्हणतात ते हे झाड. आपल्यापैकी अनेकींनी शाळेत असताना त्याची चपटी, जाळीदार पाने 'विद्या' म्हणून वहीत ठेवली असतील. काकांनीही ठेवली होती. त्या आठवणीसाठीच त्यांनी ती लावली, असे मावशी सांगते.

काकांना जाऊन आता काही वर्षे झाली. दोन वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला एका रात्री मावशीचा फोन आला. आवाज रडवेला होता. "अगं, आंधी आली आत्ता. तुझ्या काकांची तीन झाडं पडली. बाकीची पण कलंडलीयेत. मुलगा म्हणतो, आता घर विकून टाक आणि पुण्याला ये. मला काही सुचेनासं झालंय बघ."

नंतरच्या आठवड्यात मी जयपूरला गेले. झाडे पाहायला म्हणून नव्हे, मावशीला धीर द्यायला. पण तिथे जे पाहिले आणि शिकले, ते बागेची हौस असलेल्या प्रत्येक घराला उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून आज या सदरात ते सांगते आहे.

लू वेगळी, आंधी वेगळी

आपल्याकडे उन्हाळा म्हणजे ऊन. राजस्थानात उन्हाळा म्हणजे ऊन आणि वारा. मे-जूनमध्ये पारा चाळीसच्या पुढे जातो आणि थरच्या वाळवंटाकडून, म्हणजे पश्चिमेकडून, दुपारभर कोरडा गरम वारा वाहतो. ती लू. आंधी ही तिच्याहून निराळी. दिवसभराच्या तापानंतर संध्याकाळच्या सुमारास आकाश पिवळे-तपकिरी होते, धुळीची भिंत चालून येते आणि थोड्याच वेळात सगळे झोडपून निघून जाते. २ मे २०१८ रोजी आलेल्या अशाच वादळाने राजस्थानातील अलवर, भरतपूर, धौलपूर या जिल्ह्यांत आणि उत्तर प्रदेशात हाहाकार माजवला होता. दोन्ही राज्यांत मिळून शंभराहून अधिक माणसे दगावली. तेव्हा आंधी ही काही फक्त बागेची चिंता नव्हे.

मोरपंखी, सरू, ज्युनिपर, आरोकेरिया ही सगळी सूचिपर्णी कुळातली सदाहरित झाडे. कडुनिंब किंवा शिरीष उन्हाळ्याच्या तोंडी पाने गाळून थोडी विश्रांती घेतात. यांना ती सोय नाही. बारा महिने अंगावर हिरवा पसारा असतो आणि त्यातून पाणी उडतच राहते. लू वाहू लागली की पानांतून पाणी जितक्या वेगाने उडते तितक्या वेगाने मुळे ते पुरवू शकत नाहीत. मग वाऱ्याकडची बाजू तपकिरी पडते. एकाच बाजूने करपलेले झाड दिसले की रोग समजून औषध फवारण्याआधी ती बाजू पश्चिमेची तर नाही ना, ते पाहावे.

आंधीचे काम वेगळे. ती वाळवत नाही, ओढते. दाट पानांची मोरपंखी म्हणजे वाऱ्यापुढे उभे केलेले शीडच. त्यात बहुतेक मोरपंखींना बुंध्यापासूनच चार-पाच खोडे फुटलेली असतात. जोराचा वारा आला की ती एकमेकांपासून फाकतात आणि झाड मधून उकलते.

पत्र्याची भिंत

मावशीच्या अंगणात घडले ते असे. आदल्या उन्हाळ्यात झाडांची पश्चिमेकडची बाजू करपली. शेजाऱ्यांनी सल्ला दिला, वारा अडवा. मावशीने कुंपणाच्या भिंतीवर चार फूट उंच पत्रे ठोकून घेतले. पैसे खर्च झाले, अंगण जरा कोंदट झाले, पण झाडे वाचतील या समाधानात ती होती. आणि पुढच्याच आंधीत तीन झाडे आडवी झाली!

पडलेली तिन्ही झाडे फाटकाजवळची होती. तिकडे पत्रे संपत होते.

मावशीकडे आठवड्यातून दोनदा एक म्हातारे माळी येतात. ते पत्र्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मांजी, ये टीन हटवा दो. हवा को निकलने का रास्ता चाहिए." मावशीला ते पटेना. वारा अडवायला लावलेले पत्रे काढले तर वारा वाढेल की कमी होईल?

पण माळीबाबांचे म्हणणे खरे होते. भरीव भिंतीवर वारा आदळला की तो थांबत नाही. वर चढतो, भिंतीच्या माथ्यावरून जोराने पुढे जातो आणि पलीकडे खाली कोसळून गरगर फिरतो. भिंतीच्या आड असलेल्या झाडाचा बुंधा सुरक्षित राहतो, पण शेंड्याला ही घुसळण सोसावी लागते. आणि भिंत जिथे संपते, जसे की फाटक किंवा दोन घरांमधला बोळ, तिथे वारा आवळला जाऊन त्याचा वेग आणखी वाढतो. पाण्याच्या नळीचे तोंड बोटाने दाबले की धार कशी लांब उडते, तसेच.

याउलट निम्मा वारा अडवणारे आणि निम्मा जाऊ देणारे कुंपण असेल तर वाऱ्याचा जोर मोडतो आणि मागे भोवरेही फारसे होत नाहीत. अशा आडोशाचा उपयोग त्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत होतो. म्हणजे सहा फूट उंचीच्या झुडपी कुंपणामागे साठ फुटांपर्यंतच्या अंगणाला आसरा मिळतो.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे नवे नाही. जळगावकडे केळीच्या बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावतात ते याचसाठी. तिथे कोणी भिंत बांधत नाही. राजस्थानातही १९५९ पासून काम करणाऱ्या जोधपूरच्या 'काझरी' या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने वाळू आणि वारा थोपवायला झाडांच्या रांगांचाच मार्ग दाखवला.

हवामहलपाशी

त्या संध्याकाळी मावशीला जरा बाहेर काढावे म्हणून मी तिला जुन्या शहरात नेले. हवामहल तिने शंभरदा पाहिला असेल. सवाई प्रतापसिंहांनी १७९९ मध्ये बांधवलेली ही पाच मजली इमारत. तिला ९५३ लहान-लहान खिडक्या आहेत असे सांगतात. राण्यांना पडद्याआडून रस्ता दिसावा हा एक हेतू, आणि खिडक्यांच्या जाळीतून हवा खेळती राहावी हा दुसरा. वरचे मजले तर जेमतेम एका खोलीइतके खोल आहेत.

मावशी बराच वेळ वर बघत उभी होती. मग म्हणाली, "म्हणजे यांनी वारा आत घेतला, पण बारीक करून घेतला." मी हसले. परत आल्यावर तिने माळीबाबांना सांगून टाकले, पत्रे काढा.

पत्र्यांच्या जागी बांबूच्या चौकटीवर निम्मी सावली देणारी हिरवी जाळी लावली. ही दोन-तीन वर्षांची तात्पुरती सोय. जाळीच्या आतल्या बाजूने पावसाळ्यात करवंद आणि मेंदीची रोपे लावली. दोन्ही जयपूरच्या हवेत तगतात, दोन्हींच्या फांद्यांतून वारा जाऊ शकतो आणि करवंदाचे लोणचे होते हा वरचा फायदा! कुंपणाच्या पश्चिम कोपऱ्यात माळीबाबांच्या आग्रहावरून एक खेजडी लावली. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा करतो ती. १९८३ पासून ती राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. ती सावकाश वाढते, पण तिची मुळे फार खोल जातात आणि लू तिला शिवत नाही.

मुळे खोल, अंग हलके

वारा नुसता गाळून घेतला की काम संपले असे नाही. पडलेल्या झाडांची मुळे पाहिली तेव्हा आणखी तीन चुका उघड झाल्या. त्या आपल्याकडेही घरोघरी होतात.

पहिली चूक पाण्याची. मावशी रोज संध्याकाळी नळीने सगळ्यांना थोडे-थोडे पाणी देत असे. वरची तीन-चार इंच माती ओली होई आणि मुळे त्या ओलीपाशीच घुटमळत. खाली जायची त्यांना गरजच पडली नाही. पुरुषभर उंचीच्या मोरपंखीला उन्हाळ्यात रोज शिंपडण्याऐवजी आठवड्यातून दोनदा, मोठे आळे करून, दोन-दोन बादल्या पाणी सावकाश मुरू द्यावे. लोखंडी सळई मातीत खुपसून पाहावी. ती फूटभर सहज गेली तर ओल खोलवर पोचली असे समजावे. आळ्यात वाळक्या पाल्याचे दोन-तीन इंच आच्छादन घालावे, मात्र ते बुंध्याला टेकू देऊ नये. धुळीने माखलेली पाने आठवड्यातून एकदा सकाळी लवकर नळीने धुवावीत. कोरड्या, धुळकट हवेत लाल कोळी फार माजतात, त्यांनाही त्यामुळे आळा बसतो.

दुसरी चूक लावतानाची. एका पडलेल्या झाडाची मुळे अजूनही कुंडीच्या आकारात गोल-गोल गुंडाळलेली होती. इतक्या वर्षांत ती आजूबाजूच्या मातीत शिरलीच नव्हती. नर्सरीतून रोप आणताना फार उंच आणि लहान पिशवीत कोंबलेले रोप घेऊ नये. लावण्याआधी मातीची हुंडी सांभाळून बाहेरची वेटोळी मुळे मोकळी करावीत, नाहीतर दोन-तीन ठिकाणी उभी कापावीत. पिशवीत असताना रोप जितके मातीत होते तितकेच खड्ड्यात ठेवावे, बुंधा खोल गाडू नये. पावसाळा सुरू झाल्यावर लावलेले रोप पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाय रोवते.

तिसरी चूक आधाराची. काकांनी प्रेमाने प्रत्येक झाडाला उंच काठी लावून तारेने आवळून बांधले होते. ती तार सोडायची कोणाला आठवण राहिली नाही. एका झाडाच्या सालीत ती रुतून बसली होती आणि ते झाड नेमके तिथेच मोडले. रोपाला आधार हवा तो आखूड. त्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, वाऱ्याच्या बाजूला खुंटी ठोकावी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवून सैलसर बांधावे. शेंड्याला डोलू द्यावे. डोलल्यानेच खोड खाली जाड होते आणि मुळे पकड घेतात. वर्ष-दीड वर्षात आधार काढून टाकावा. मूल चालायला शिकल्यावरही पांगुळगाडा सोडला नाही तर पाय कसे घट्ट होणार?

छाटणीबद्दलही एक सूचना. वारा लागतो म्हणून मोरपंखीचा किंवा आरोकेरियाचा शेंडा छाटायचा मोह होतो. आरोकेरियाचा शेंडा गेला की त्याचा तो सुंदर मनोरा कायमचा बिघडतो. मोरपंखीची छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, हिरव्या भागापुरतीच करावी. आतल्या तपकिरी, उघड्या लाकडापर्यंत कापले तर तिथे पुन्हा पालवी फुटत नाही, भोक तसेच राहते. आतल्या वाळक्या काड्या हाताने झाडून काढल्या तरी वाऱ्याला बरीच वाट मिळते. फाकलेली खोडे आतून रुंद सुती पट्टीने एकमेकांना सैल बांधून घ्यावीत, आणि ही पट्टी दर वर्षी तपासावी.

कलंडलेल्या झाडाचे काय?

मावशीच्या उरलेल्या पाच झाडांपैकी दोन कलंडली होती. अशा वेळी घाईने ढकलून सरळ करू नये. आधी बुंध्याजवळची माती पाहावी. खोडाभोवती नुसती फट पडली असेल तर मूळ हलले आहे, पण तुटलेले नाही. अशा वेळी माती भिजवून झाड हळूहळू सरळ करावे, फटीत माती भरून पायाने दाबावी, तीन बाजूंनी रुंद पट्ट्यांचे ताण द्यावेत आणि वर्षभर तसेच ठेवावे. लहान झाडे यातून बहुधा सावरतात. मोठ्या झाडाच्या एका बाजूची जाड मुळे तुटून वर आली असतील, तर मात्र मन घट्ट करावे लागते. ते पुन्हा उभे केले तरी पुढच्या वादळात पडण्याची भीती राहते, आणि त्या वेळी खाली कोणीही असू शकते.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी एक लक्षात ठेवावे. शहरी भागात झाड तोडण्याआधी १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. स्वतःच्या अंगणातले झाड असले तरीही.

आपला सुरू आणि त्यांचा सरू

कोकणातल्या वाचकांना वाटेल, आमच्याकडे किनाऱ्यावर सुरूची एवढी बने आहेत, ती तर वाऱ्यातच वाढतात. इथे नावाचा थोडा घोटाळा आहे. ताजमहालासमोर रांगेने उभा असतो तो सरू, तो खरा सूचिपर्णी. किनाऱ्यावरचा सुरू दिसतो तसा, पण त्या कुळातला नाही. तो फुले येणारा वृक्ष आहे. ज्यांना आपण त्याच्या सुया म्हणतो त्या खरे तर बारीक हिरव्या डहाळ्या आहेत. खारा वारा सोसण्याची त्याची ताकद मोठी, म्हणूनच वाऱ्याला आडोसा म्हणून तो लावला जातो. तरीही ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर भागात नारळी-पोफळींबरोबर सुरूही पडले. वादळ मोठे असले की कोणतेही झाड अजिंक्य नसते. आपण फक्त त्याची बाजू बळकट करू शकतो.

आपल्याकडे धोका उन्हाळ्यात कमी आणि पावसाळ्यात जास्त. माती भिजून मऊ झालेली असते आणि नैर्ऋत्येचा वारा जोर करतो. तेव्हा पुण्या-नाशिककडे छाटणी आणि ताण देण्याची कामे मेअखेर उरकावीत.

ज्यांची बाग गच्चीवर आहे त्यांना तर वारा चहूबाजूंनी लागतो. मोरपंखीची उंच रोपे अरुंद प्लास्टिकच्या कुंडीत ठेवू नयेत. रुंद बुडाची मातीची किंवा सिमेंटची जड कुंडी घ्यावी. कुंड्या एकमेकींना चिकटून, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवाव्यात, कठड्यावर कधीही नाही. वादळाचा इशारा मिळाला की उंच कुंड्या स्वतःच हलकेच आडव्या करून ठेवाव्यात. वाऱ्याने पाडण्यापेक्षा आपण निजवलेल्या बऱ्या.

पाच झाडे

मावशीने घर विकले नाही. त्याला झाडेच कारण झाली असे मी म्हणणार नाही. तिच्या ओळखीपाळखी तिथे आहेत, तिचे आयुष्य तिथे गेले आहे. पण त्या पावसाळ्यात करवंदांची आळी करताना आणि झाडांचे ताण तपासताना तिच्या बोलण्यात पुण्याचा विषय हळूहळू येईनासा झाला, हे मात्र खरे. पडलेल्या तीन झाडांच्या जागा तिने मोकळ्या ठेवल्या आहेत. "तिथून वारा जाऊ दे," असे म्हणते.

यंदाच्या उन्हाळ्यात पुन्हा आंधी आली. रात्री मीच काळजीने फोन केला. ती म्हणाली, "आली आणि गेली गं. घरभर धूळ करून ठेवलीये मेलीने. पाचही उभी आहेत. एकाची पश्चिमेची बाजू थोडी करपलीये, पण माळीबाबा म्हणतात, चालेल."

पंधरा दिवसांनी तिचे पाकीट आले. आत माझ्या मुलीसाठी मोरपंखीचे एक पान होते. तिने ते गणिताच्या वहीत ठेवले आहे.